उंबऱ्यावर थांबणारे रशीदभाई

रशीदभाई कोणत्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक करायचे. कॉम्प्युटर कोणाचाही असो, समोर माणूस बसलेला असो वा नसो. टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग हळू आवाजात विचारायचं, "आत येऊ का?"

मी लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा पहिल्याच दिवशी माझा कॉम्प्युटर रुसून बसला. कोणीतरी रशीदभाईंना बोलावून आणलं. मेंदीनं रंगवलेली दाढी, बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असताना अंगात लोकरीचा स्वेटर, आणि चेहरा आत्ताच झोपेतून उठून आल्यासारखा. त्यांनी माझ्या टेबलावर टकटक केली आणि विचारलं, "येऊ का आत?" मी दाराकडे पाहिलं. दार त्यांच्या मागे होतं.

"अहो, आलात की," मी म्हणाले.

"खोलीत आलो व्हय. तुमच्या कॉम्प्युटरमधी न्हाई आलो अजून."

मी हसू दाबत "या" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी माउस हातात घेतला. मनात म्हटलं, वैशाली, हा माणूस एक तर फार सभ्य आहे नाही तर थोडा ढिला आहे. पुढे कळलं की दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीच्या खाली आणखी एक गोष्ट होती.

सावेडीतली आमची लॅब म्हणजे लग्नाचे अल्बम तयार करण्याचं ठिकाण. नगर जिल्ह्यातल्या गावोगावचे फोटोग्राफर लग्नं, साखरपुडे, बारशी टिपतात आणि फोटो इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर पाठवतात. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं सामान सांभाळणारा एक मोठा कॉम्प्युटर. मी त्या फोटोंची पानं जुळवते, मागे फुलं, पाकळ्या, कमानी घालते. मग अल्बम छापून, बांधून एसटीच्या पार्सलनं ज्याच्या त्याच्या गावी जातो. जिल्ह्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींना मी ओळखते. त्यांच्यातली एकही मला ओळखत नाही.

आणि हा सर्व्हर ज्यांच्या ताब्यात, ते रशीदभाई. पूर्वी जिथे कागदाचे गठ्ठे पडायचे, त्या कोठीला काचेचं दार लावून त्यांची खोली केली होती. आत एसी कायम चालू, म्हणून तो स्वेटर. खोलीत अंधुक उजेड, हिरवे-निळे दिवे लुकलुकत असायचे, आणि पंख्यांची एकसुरी घूं घूं. दुपारच्या वेळी काचेतून पाहिलं की वाटायचं, पाण्याखाली कोणीतरी खुर्ची टाकून बसलंय. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ हलत असायचे. शेठ, म्हणजे आमचे मालक, वैतागून म्हणायचे, "या रशीदला मी झोपायचा पगार देतो." पण सर्व्हर जरा जरी वेगळा घुमला, तरी डोळे न उघडता रशीदभाईंचा हात बरोबर त्या जागी जायचा.

झोपायचे मात्र ते खरंच. आणि त्यांना स्वप्नं पडायची. चहाच्या वेळी "ताई, काल काय झालं..." असं म्हणून सुरुवात करायचे आणि आम्ही बातमी ऐकायला सरसावायचो. निघायचं स्वप्न. एकदा काय तर म्हणे, वेशीवर ढग उतरले होते आणि लोक त्यातून आपापली चादर कापून नेत होते. शेठ कपाळाला हात लावायचे. मला मात्र ती स्वप्नं आवडायची. ऐकल्यावर माझी पानं चांगली जुळायची, का ते सांगता येणार नाही.

"स्वप्नाची एक गोष्ट बगा," ते मला एकदा म्हणाले. "एका खाटंवर चौघं झोपली, तरी ज्याचं त्याला दिसतं. शेजारच्याला डोकावता येत न्हाई. वरच्यानं किती इचार करून केलंय हे."

ते मूळचे श्रीगोंद्याकडचे. लहानपण उसातल्या वस्तीवर गेलेलं. ऊस उभा असला की काय होतं, हे ते फार सुंदर सांगायचे. "घराच्या चारी बाजूंनी हिरवी भिंत. वर तेवढं आभाळ. आमाला वाटायचं, दुनियेत ही एकच वस्ती हाय, आनि सगळं आभाळ आमच्याच नावावर. शेजारच्या वस्तीवरल्या कोंबड्याचा आवाज यायचा, पन वस्ती दिसायची न्हाई. मग तोड आली की झालं. एका दिवसात सगळं उघडं. त्यांची चूल आमाला दिसायची, आमची भांडनं त्यांना."

मी लॅबमध्ये आले तेव्हा आमचा सर्व्हर म्हणजे ऊस तोडल्यावरचं रान होतं. प्रत्येक फोटोग्राफरला त्याचं एक फोल्डर दिलेलं असायचं. पण त्या फोल्डरमध्ये वरच्या बाजूला एक बाण दिसायचा. तो दाबला की माणूस आपल्या फोल्डरमधून बाहेर पडायचा आणि सगळा जिल्हा त्याच्यासमोर मोकळा. पारनेरवाल्यानं कशी पोज घेतली, जामखेडवाल्यानं कोणता कॅमेरा घेतला, दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय, हे बघत आमचे फोटोग्राफर निवांत फिरत बसायचे. घरोघरी मातीच्या चुली हे माहीत असूनही शेजारची चूल बघायची हौस कोणाची फिटते? रशीदभाई शेठना सांगून थकले. "शेठ, सगळ्यांना आपापल्या घरात बसवलं पायजे." शेठ म्हणायचे, "बघू रे, सीझन संपू दे." लग्नाचा सीझन काही कधी संपत नाही.

मग ते प्रकरण झालं.

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका मुलीनं आपल्या पसंतीच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मोजक्या मित्रमैत्रिणींसोबत छोटंसं जेवण, तिथले थोडे फोटो. ते तिच्या फोटोग्राफरनं आमच्याकडे पाठवले. त्याच तालुक्यातला गुंजाळ नावाचा दुसरा फोटोग्राफर नेहमीसारखा बाण दाबून फिरायला निघाला होता. त्याला ओळखीचा चेहरा दिसला. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, वर "अभिनंदन" लिहून. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही मानते. त्याला फक्त आपल्याला आधी कळल्याचा आनंद झाला होता.

मुलीचा लॅबमध्ये फोन आला. मी उचलला. आवाज अगदी शांत होता. "माझे फोटो तुमच्याकडून बाहेर गेले का, एवढंच सांगा." शेठ समोरून मान हलवून, हात हलवून "नाही म्हण, नाही म्हण" अशा खुणा करत होते. तेवढ्यात रशीदभाई काचेचं दार उघडून बाहेर आले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"व्हय बेटा," ते म्हणाले. "आमच्याकडूनच गेले. दाराला कडी लावायचं काम माझं हुतं."

शेठनी डोळे मिटून घेतले. पलीकडून ती मुलगी काय म्हणाली ते रशीदभाईंनी नंतर सांगितलं. ती रागावली नव्हती. तिला रविवारी गावी जायचं होतं. आईच्या शेजारी बसून, आईचा हात हातात घेऊन स्वतः सांगायचं होतं. आईला ते भाजी घेताना एका शेजारणीनं सांगितलं.

त्या दुपारी रशीदभाई जेवले नाहीत. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. मी डबा घेऊन गेले. दूर भुईकोट किल्ल्याच्या बाजूला धुळीचा पिवळा पडदा लोंबत होता, घारी फिरत होत्या. डबा बाजूला सारून ते म्हणाले, "गुंजाळला शिव्या देऊ नका ताई. हे मी पन केलंय."

मग त्यांनी नाझनीनचं सांगितलं. नाझनीन ही त्यांची एकुलती एक लेक. लहान असताना घरातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी तिला तिचं वेगळं खातं उघडून दिलं होतं. "हे तुजं घर," असं सांगून. पासवर्ड तिनं स्वतः ठेवला होता आणि फक्त वडिलांच्या कानात सांगितला होता. ती औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा तिचा मोबाईल बिघडला म्हणून तिनं विश्वासानं वडिलांकडे दिला. दुरुस्त करता करता त्यांनी तिचे निरोप वाचले. समीर नावाचा मुलगा. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण त्यांच्या बहिणीच्या मुलाशी तिचं जमवायचं घरात घाटत होतं. त्यांच्या डोक्यात सणक गेली आणि रात्री जेवताना, आत्याच्या समोर, त्यांनी ते सगळं बोलून दाखवलं.

"ती ताटावरून उठली पन न्हाई," रशीदभाई म्हणाले. "बोट ताटात तसंच ठेवून म्हनाली, अब्बा, परीक्षा झाल्यावर मी तुमालाच पहिल्यांदा सांगनार हुते. तुमी विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तुमी न विचारता आत आलात."

परीक्षा झाल्यावर नाझनीन श्रीरामपूरला नोकरीला गेली. आईशी रोज फोनवर बोलायची, वडिलांशी नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं बंद दार. आणि जगातलं कुठलंही कुलूप उघडता येणारा हा माणूस त्या दारापुढं बसून होता. टकटक कुठून आली ते मला तेव्हा समजलं. कानाला खडा लावतात तसा त्यांनी तो बोटांना लावला होता.

दुसऱ्याच दिवशी शेठना न विचारता त्यांनी काम हाती घेतलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट ते न विचारता करताना मी पाहिली. प्रत्येक फोटोग्राफर त्याच्या त्याच्या घरात आणि बाहेर जायला वाटच नाही, अशी रचना. रशीदभाई समजावताना म्हणाले, "भिंत बांधायची न्हाई ताई. भिंत दिसली की मानूस उडी मारतो. त्याचं घर हीच त्याची दुनिया करायची. वर बघितलं तर नुसतं आभाळ. बानाच्या पलीकडं कायच न्हाई."

काम झालं आणि सकाळी एकही फोटोग्राफर आत येऊ शकेना. ऐन लगीनसराईत. फोनवर फोन. दार वाजतंय, नाव-पासवर्ड बरोबर आहे, पण उघडल्या उघडल्या तोंडावर बंद होतंय. शेठ लालबुंद. "सगळ्यांना घर देतो म्हणालास, सगळ्यांना रस्त्यावर काढलंस!" रशीदभाई मात्र खुर्चीत डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले की काय. ओठ हलत होते. मग एकदम लहान मुलासारखे हसले आणि मला आत बोलावलं.

"माजी चूक कळली. मी सगळं घर त्यांच्या नावावर करून टाकलं, उंबऱ्यासकट. सर्व्हरला ते मान्य न्हाई. उंबरा ज्याच्या हातात, तो उंबराच उचलून पुढं सरकवंल, आनि मग घराला हद्द कुठली? म्हनून उंबरा राखनदाराच्या नावावर राहायला पायजे. त्यांचं नाव आतल्या खोलीवर."

मग प्रत्येक घरात त्यांनी एक आतली खोली काढली आणि तिला नाव दिलं माजघर. उंबऱ्यावर कोणाला काही ठेवता येत नसे. माजघरात जाऊन हवं ते ठेवावं, हलवावं, पुसावं. पुढचे कितीतरी दिवस ते फोनवर एकच वाक्य बोलत होते. "उंबऱ्यावर नका ठेवू दादा, तिथं न्हाई राहायचं. आत जा, माजघरात ठेवा."

आणखी एक भानगड निघाली. मागे लावायच्या फुलांच्या, कमानींच्या नक्षी आम्ही सगळ्या फोटोग्राफरांना वापरायला द्यायचो. त्या बाहेर एका फोल्डरमध्ये होत्या. आता घरातून बाहेरच पडता येत नाही तर त्या मिळणार कशा? रशीदभाईंनी आधी प्रत्येक घरात तिकडे जाणारी पाटी लावून पाहिली. पाटी दिसे, पण ती दाखवत होती ती वाटच आतून अस्तित्वात नव्हती. मग त्यांनी काहीतरी युक्ती केली आणि ते एकच फोल्डर प्रत्येकाच्या घरात दिसू लागलं. "एकच विहीर हाय," ते मला म्हणाले, "पन हरेकाला वाटतं, आपल्याच परसात हाय. पानी घ्या म्हनलं. विहिरीत काय टाकता येनार न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की ही विहीर त्यांना स्वप्नातच सापडली असणार.

गुंजाळचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "रशीदभाई, वरचा बान चालंना झालाय."

"चालतोय की. वर काय न्हाई, म्हनून तुमी हाय तिथंच राहताय."

"अन् बाकीचे सगळे कुठं गेले?"

"हायेत आपापल्या घरी. सुखात हायेत."

गुंजाळनं बाण पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग म्हणाला, "आता लई एकटं वाटतंय हो इथं."

"ऊस उभा राहिलाय दादा," रशीदभाई मायेनं म्हणाले. "सवय हुईल."

पण राखणदाराला भिंती नसतात. रशीदभाईंना सगळी घरं दिसत. कोणाचंही माजघर त्यांना कधीही उघडता आलं असतं. तरी काही बिघाड झाला की ते आधी फोटोग्राफरला फोन लावायचे. "आत येऊ का?" पलीकडचा हसत म्हणायचा, "या की भाई, विचारायचं काय त्यात?" मग हे जायचे, बिघाड काढायचे आणि फोटोंकडे न बघता परत यायचे. मी चिडवायचे, "किल्ली तुमची, सर्व्हर तुमचा, आणि परवानगी कसली मागता?" ते म्हणायचे, "किल्ली दिली म्हंजी घर दिलं न्हाई, ताई."

नाझनीनचा निकाह ठरला. समीरशीच. शमीमभाभींना, म्हणजे रशीदभाईंच्या बायकोला, लेकीचं बोलावणं आलं. यांना वेगळं बोलावणं आलं नाही. भाभींनी खूप समजावलं. "बाप हो तुम. बाप को क्या बुलावा लगता?" पण रशीदभाई गेले नाहीत. त्या दिवशी ते लॅबमध्ये आले, स्वेटर घालून खुर्चीत बसले आणि दिवसभर डोळे उघडे ठेवून समोर बघत राहिले. त्यांना जागं बघायची सवय नसल्यामुळे आम्हा सगळ्यांनाच कसंतरी झालं.

काही दिवसांनी श्रीरामपूरच्या एका फोटोग्राफरचा फोन आला. फोटो पाठवताना मध्येच लाईन तुटली होती. काही फोटो अर्धेच पोचले असतील, तपासून द्या. रशीदभाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आत येऊ का?" "या ना," तो म्हणाला, "नाझनीन आणि समीर नावाचं फोल्डर आहे बघा."

रशीदभाईंनी फोन खाली ठेवला. बोटं टेबलावर टेकलेली, पण टकटक झाली नाही. ते माझ्याकडे आले. "ताई, एक काम तुमी करा. मी सांगतो तसं."

मी त्यांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर बसले. ते स्क्रीनकडे पाठ करून, काचेतून बाहेर रस्त्यावरच्या गुलमोहराकडे तोंड करून उभे राहिले. काय दाबायचं ते तिकडे बघूनच सांगत होते.

"अहो, फोटोग्राफरनं 'या' म्हटलंय," मी म्हणाले.

"ते त्याचं घर न्हाई. तो नुसता भाडेकरू हाय. ज्याचं हाय त्यानं म्हनलं न्हाई अजून."

एकेक फोटो मी उघडत गेले. खोली थंडगार, पंखे घुमत होते, आणि माझ्यासमोर त्यांची लेक. कपाळ, भुवया, सगळं तेच. कुठे पूर्ण फोटो, कुठे कमरेखाली नुसता राखाडी पट्टा. "हा नीट आहे," मी म्हणायचे. "हा अर्धा आहे." "चेहरा पुरता हाय का?" ते विचारायचे. "आहे." "मग पुढचा." असं कितीतरी वेळ चाललं. वाटत होतं, या माणसाला खांद्याला धरून वळवावं. एक पाऊल मागे वळण्यात काय जाणार होतं? पण मी तसं केलं असतं, तर त्यांनी मला आयुष्यभर माफ केलं नसतं.

शेवटाकडे त्यांनी एकदाच विचारलं, "हसतीये का?"

"हसतीये," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि गुलमोहराकडे बघत राहिले.

अल्बमचे फोटो निवडण्यासाठी गिऱ्हाइकालाही आम्ही सर्व्हरवर थोड्या दिवसांचं घर देतो. ते काम माझ्याकडे. नाझनीन त्यासाठी आली ती शुक्रवारी दुपारी, वडील नमाजाला गेलेले असतील असा अंदाज घेऊनच. मी तिला बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिनं थोडे फोटो बघितले आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अब्बांना आवडले का?"

"त्यांनी पाहिले नाहीत."

"ताई, मी ओळखते त्यांना. सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात."

तेव्हा मी तिला त्या दुपारची गोष्ट सांगितली. पाठ करून उभं राहणं, चेहरा पुरता आहे का विचारणं, आणि हसतीये का विचारणं. ती ऐकत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग तिनं आपल्या घराचा पासवर्ड बदलला आणि उठली.

"अब्बांना सांगा, पासवर्ड त्यांना ठाऊक आहे. लहानपणी माझ्या खात्याला होता तोच. आमच्या शेळीचं नाव." दारापर्यंत जाऊन ती परत आली. "आणि सांगा, त्यांच्या किल्लीनं नको. माझ्या दारानं या म्हणावं."

रशीदभाई नमाजाहून आले तेव्हा मी हे त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. ते उठले. नळावर जाऊन हात धुतले, चेहऱ्यावरून पाणी फिरवलं. स्वतःच्या खोलीत गेले नाहीत. बाहेरच्या कॉम्प्युटरपाशी आले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि गिऱ्हाइकाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. टेबलावर टकटक केली. "येऊ का?" म्हणाले. समोर कोणीच नव्हतं. मग एका बोटानं लेकीचं नाव लिहिलं, शेळीचं नाव लिहिलं. आयुष्यभर राखणदार म्हणून आत-बाहेर करणारा माणूस पहिल्यांदाच पाहुणा म्हणून उंबऱ्यातून आत गेला. तिथून त्यांना सर्व्हर दिसत नव्हता, बाकीची घरं दिसत नव्हती. तेवढं एकच माजघर होतं आणि त्यात नाझनीन होती.

किती वेळ ते बघत होते कोण जाणे. बाहेर ऊन कलत गेलं, खोलीभर तांबूस उजेड पसरला. शेठ एकदा डोकावले आणि परत गेले. रशीदभाई मध्येच म्हणाले, "कपाळ माज्या आईचं हाय." बस्स. ते उठताना मी म्हटलं, "एखादा फोटो मोबाईलमध्ये घ्या की." त्यांनी मान हलवली. "पाहुन्यानं वस्तू उचलायची नसती."

आमच्या सर्व्हरवर घर उघडलं की सगळ्यात आधी, यापूर्वी ते केव्हा उघडलं होतं, ते दिसतं. ही सोयही रशीदभाईंचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मोबाईल वाजला. लेकीचा नंबर पाहून ते उभेच राहिले. आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "अब्बा, काल तुम्ही येऊन गेलात. चहासुद्धा न घेता?" आणि मग, "आता खऱ्या घरी या."

रशीदभाईंनी शेठकडे रजा मागितली. शेठ म्हणाले, "अरे, विचारतोस काय, जा!" ते स्वेटरसकट एसटी स्टँडवर गेले.

त्यानंतर ते बरीच वर्षं आमच्यात होते. स्वप्नं सांगत होते, डुलक्या घेत होते. मग तब्येत ढासळली. नोकरी सोडताना सर्व्हर माझ्या हाती देऊन गेले, आणि गेल्या थंडीत एका पहाटे झोपेतच गेले. ज्या वाटेनं ते रोज जायचे त्याच वाटेनं, असं मला वाटलं. मला फार रडू आलं. आता त्यांच्या खुर्चीवर स्वेटर घालून मी बसते. टेबलावर टकटक करते. नवी पोरं हसतात, मी हसू देते.

त्यांच्या मागे भाभींना भेटायला गेले तेव्हा नाझनीन होती. कडेवर छोटी लेक, कपाळ तेच. तिनं मला त्या दिवसाची गोष्ट सांगितली, ते श्रीरामपूरला पोचले त्या दिवसाची.

"दार सताड उघडं ठेवलं होतं मी, ताई. स्वयंपाकघरातून दिसत होतं. अब्बा जिना चढून आले, चपला काढल्या आणि उंबऱ्याशी थांबले. चौकटीवर टकटक केली. मी आतूनच म्हटलं, अब्बा, दार उघडंच आहे की. तर म्हणाले, उघडं हाय ते दिसतंय बेटा. तू 'या' म्हन."

नाझनीननं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग मी हातातलं सगळं टाकून दारात गेले आणि म्हटलं, या."